शिसे किती लावायचे? मालवणच्या पाण्यात स्कूबा शिकताना

मालवणला येणारे पर्यटक ज्याला स्कूबा म्हणतात, त्यात टाकीचा व्हॉल्व्ह मागून एक डायव्हर धरून असतो. खाली किती जायचे, जॅकेटमध्ये हवा कधी भरायची, वर कधी यायचे हे सगळे तोच ठरवतो. पाहुण्याने तोंडाने श्वास घ्यायचा, कान मोकळे करायचे आणि कॅमेऱ्याकडे बघायचे. मजा येते, त्याबद्दल वाद नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागातर्फे आम्ही केलेला ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा अभ्यासक्रम मात्र वेगळा. तो पुरा झाला की प्रशिक्षकाशिवाय, आपल्यासारखेच प्रमाणपत्राचे कार्ड असलेल्या जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरता येते. म्हणजे मागचा तो हात जातो आणि त्याची सगळी कामे आपल्या अंगावर येतात. त्यांतले सर्वांत घाईत उरकले जाणारे आणि पुढे सर्वांत जास्त गोंधळ घालणारे काम म्हणजे पाण्यात नीट बुडता यावे म्हणून कमरेला शिसे किती लावायचे हे ठरवणे. त्यावर सविस्तर लिहायचे आहेच, पण क्रमाने.

विद्यापीठाच्या तुकडीची रचना साधारण अशी असते: पुस्तकी भाग विद्यापीठाच्या वर्गात, संध्याकाळी, उथळ पाण्यातले धडे पोहण्याच्या तलावात, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह मालवणला. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथे याच कामासाठी बांधलेला खोल तलाव आहे, त्यामुळे बऱ्याच तुकड्या तलावाचा भागही तिकडेच करतात. समुद्रातल्या चारही डाइव्ह एका दिवसात उरकता येत नाहीत. मालवणात किमान दोन दिवस धरा, आणि तिसरा दिवस परतीसाठी मोकळा ठेवा. तो का, ते शेवटी येईल. शुल्क भरताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: बोट धरली आहे का, प्रमाणपत्राची नोंदणी धरली आहे का, आणि वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, आपल्या मापाचा मिळणार आहे का. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात, पण ढगळ सूट पाण्यात पिशवीसारखा फुगतो आणि शिशाचे सगळे गणित चुकवतो.

पहिला कागद आरोग्याचा. दमा, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, फुप्फुस कोलमडल्याचा इतिहास, हृदयाची औषधे, गर्भारपण अशा प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर डॉक्टरांची सही लागते. ही सही घरूनच घेऊन यावी. मित्र चालले म्हणून दमा लपवणारी मुले असतात. त्यांना एवढेच सांगणे आहे की दम्यात श्वासनलिका आकसल्या तर फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकते, वर येताना ती फुगते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. जमिनीवर पंप मारून निभावते, पाण्याखाली निभावत नाही.

पोहण्याची चाचणी सोपी आहे: कुठल्याही पद्धतीने, न थांबता २०० मीटर, वेळेची अट नाही, आणि १० मिनिटे आधाराशिवाय तरंगणे. विहिरीत आणि खाडीत शिकलेली कोकणातली पोरे हे हसत करतात. त्यांची अडचण दुसरीच असते. डोके पाण्याबाहेर ठेवून, श्वास कोंडून सूर मारायची सवय हाडात मुरलेली असते आणि इथे नेमकी तीच मोडायची असते. स्कूबाचा पहिला नियम श्वास न रोखण्याचा आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर भरलेले फुप्फुस तसेच कोंडून वर आलात, तर त्यातली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. त्यासाठी फार खोल असावे लागते असेही नाही. तलावाच्या दीड-दोन मीटरमध्येही पूर्ण भरलेल्या फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारे यंत्र, तोंडातून काढला असेल तेव्हा ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे.

पुस्तकी भागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाच प्रकरणे, शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला ७५ टक्के. विज्ञान शाखेच्या मुलांना बॉइलचा नियम (दाब वाढला की हवा आकसते, घटला की फुगते) पाठ असतो आणि तरी तलावात तीच श्वास कोंडतात.

जोडणी मात्र हाताने पुन्हापुन्हा करावी. आपल्याकडे सहसा मिळते ती ॲल्युमिनियमची टाकी, आतले आकारमान सुमारे ११ लिटर, भरलेली असताना दाब २०० बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण). बीसीडी, म्हणजे सगळे ज्याला जॅकेट म्हणतात ते, टाकीवर चढवण्याआधी त्याचा पट्टा पाण्यात भिजवायचा. कोरडा पट्टा आवळला आणि मग पाण्यात उतरलात तर तो ओला होऊन सैल पडतो, आणि टाकी पाठीवरून खाली घसरते. पट्टा आवळल्यावर जॅकेटची मूठ धरून टाकी उचलून हलवून बघायची. घसरली तर पुन्हा. मग व्हॉल्व्हवरची ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, बघायची: चीर, वाळूचा कण, किंवा ओ-रिंगच गायब. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून फुंकर मारायची, म्हणजे तोंडाशी साचलेले पाणी उडून जाते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हवर बसणारा भाग, असा बसवायचा की श्वासाच्या नळ्या उजव्या खांद्यावरून आणि जॅकेटची नळी डाव्या बाजूने येईल. स्क्रू बोटांनीच आवळायचा, जोर लावायचा नाही. दाब आला की तो आपोआप घट्ट होतो.

आता व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. दाब दाखवणाऱ्या गेजची काच स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडाकडे नको, खाली वळवलेली असावी. फस्स असा सतत आवाज आला तर ओ-रिंग. बंद करून, दाब सोडून, बदलून घ्यायची. आवाज नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. पूर्वी पूर्ण उघडून पाव फेरा मागे घेण्याची पद्धत होती, अजूनही जुने खलाशी तसे करतात. तिच्यात एक धोका आहे: कोणी चुकून उलट्या दिशेने ‘पाव फेरा’ केला तर व्हॉल्व्ह जेमतेम उघडा राहतो, बोटीवर श्वास नीट येतो आणि दहा मीटरवर हवा पुरेनाशी होते. याची तपासणी सोपी आहे. गेजकडे बघत चार दीर्घ श्वास घ्यायचे. श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट आहे. काटा जागचा हलला नाही पाहिजे.

उतरण्यापूर्वी जोडीदाराची तपासणी ठरलेल्या क्रमाने: जॅकेट फुगते आणि रिकामे होते का, शिशाचा पट्टा उजव्या हाताने एका ओढीत सुटतो का, सगळे बकल कुठे आहेत, दोन्ही रेग्युलेटरमधून श्वास येतो का आणि टाकीत किती बार आहे, शेवटी मास्क आणि पायांतल्या फिन्स. शिशाचा पट्टा जॅकेटच्या खाली अडकलेला सापडणे ही नेहमीची गोष्ट. अडचणीच्या वेळी शिसे टाकून द्यायचे असते. अडकलेला पट्टा टाकता येत नाही.

तलावातल्या धड्यांत सगळ्यांना घाम फोडतो तो मास्क. आधी अर्धा भरायचा, मग पूर्ण, मग काढून पुन्हा घालायचा. नाकात पाणी गेले की माणूस तोंडाने श्वास घ्यायचे विसरतो, एवढीच खरी भानगड. उपाय असा की रेग्युलेटर तोंडात ठेवून, मास्क न घालता, कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून मिनिटभर नुसता श्वास घेत राहायचे. नाक उघडे असतानाही तोंडाचा श्वास चालतो हे शरीराला पटले की बाकी सोपे. मास्क रिकामा करताना वरची कड कपाळावर दाबायची, नजर किंचित वर, आणि नाकाने सावकाश, लांब फुंकायचे. जोरात फुंकले तर हवा कडेने निसटते आणि पाणी तिथेच राहते. मिशी असेल तर नाकाखालची पट्टी बारीक करून यावी, नाहीतर मास्क गळतच राहतो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टने घासून काढला नाही तर कितीही थुंकी लावा, काच धुरकटतेच. आणि आदल्या रात्री डोक्याला चोपून खोबरेल लावून येऊ नये. पट्टा जागेवर राहत नाही.

रेग्युलेटर तोंडातून सुटला तर उजवीकडे झुकून, हात मांडीला लावून मागून पुढे गोल फिरवायचा. नळी हाताला लागते. तोंडात घालून एक उच्छ्वास टाकला की आतले पाणी निघते. फुप्फुसात उच्छ्वासापुरती हवा नसेल तर मधले बटण दाबायचे, पण जीभ टाळूला लावून, म्हणजे पाणी घशात जात नाही. जोडीदाराची हवा संपल्याचा सराव, दुसऱ्याच्या ऑक्टोपसवरून, म्हणजे जास्तीच्या रेग्युलेटरवरून, श्वास घेणे, आडवे पोहत ९ मीटर अंतर एकाच लांब उच्छ्वासात तोडणे, फुटलेल्या नळासारख्या वाहणाऱ्या रेग्युलेटरवरून श्वास घेणे, हे सगळे ऐकायला भयंकर आणि करायला सोपे. खुणांमध्ये एक गोष्ट पहिल्याच दिवशी मोडावी लागते. वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. फोटोसाठी अंगठा दाखवणाऱ्या मुलाला जोडीदार हात धरून वर आणतो, आणि तो बरोबरच करतो.

कानाची घाई करून चालत नाही. नाक चिमटीत धरून हळू फुंकणे पृष्ठभागावरच सुरू करायचे आणि दर अर्ध्या मीटरला करत राहायचे, दुखायच्या आधी. दुखू लागल्यावर फुंकून उपयोग नसतो. घसा आणि कान जोडणारी नळी तोवर दाबाने चिकटलेली असते. तेव्हा अर्धा-एक मीटर वर यायचे, गिळायचे, पुन्हा हळू फुंकायचे. जोर लावला तर आतल्या कानाला इजा होते, आणि ती बरी होईलच असे नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणे त्याहून वाईट, कारण तिचा असर खाली असताना ओसरला तर वर येताना हवा कानात कोंडते. मालवणात एक खलाशी काका कान धरून बसलेल्या प्रत्येकाला म्हणत, “घाय करू नको रे, दर्यो खंय जाणा नाय.”

आता शिसे. आपण, वेटसूट आणि टाकी मिळून पाण्यावर तरंगतो, म्हणून कमरेला एक-दोन किलोचे शिशाचे ठोकळे ओवलेला पट्टा लागतो. किती? याचे उत्तर अंदाजाने देणारा प्रशिक्षक नेहमी दोन किलो जास्तच सांगतो. कारण सरळ आहे: हलका विद्यार्थी खाली जातच नाही आणि सगळी तुकडी खोळंबते, जड विद्यार्थी दगडासारखा का होईना, खाली जातो. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे सोयीचे. शिकण्याच्या दृष्टीने सगळे इथेच बिघडते.

चार किलो जास्त लावले असे धरा. लिटरभर हवा साधारण किलोभर उचल देते, म्हणून तळाशी आपटू नये यासाठी जॅकेटमध्ये चार लिटर हवा भरावी लागेल. १० मीटरवर दाब दोन बार. तिथून ५ मीटरवर आलात तर दाब दीड बार, आणि तीच हवा सव्वापाच लिटरच्या वर जाते. म्हणजे काहीही न करता सव्वा किलोहून जास्त उचल वाढली. ती आणखी वर ढकलते, वर गेल्यावर हवा आणखी फुगते. विद्यार्थी पाय मारून खाली जायचा प्रयत्न करतो, धाप लागते, फुप्फुसे भरलेली राहतात, उचल अजून वाढते, आणि बाटलीच्या बुचासारखा तो पृष्ठभागावर येतो. शिसे बरोबर असते तर जॅकेटमध्ये लिटरभरच हवा असती, ५ मीटरवर ती सव्वा-दीड लिटर झाली असती, आणि हा फरक एका उच्छ्वासात भरून निघाला असता. नेहमीच्या श्वासात अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते, दीर्घ श्वासात दोन-तीन लिटर. तेवढ्या किलोंचा चढउतार छातीच्या हातात असतो. जॅकेटचे बटण हे खडबडीत काम करणारे अवजार आहे. बारीक काम श्वासच करतो.

आणि मालवण उथळ आहे, हेच लोक विसरतात. उथळ म्हणजे सोपे असे वाटते, पण तरंगण्याच्या दृष्टीने उलटे आहे. २० वरून १८ मीटरवर आल्यास हवा सात टक्क्यांनी फुगते. ५ वरून ३ मीटरवर आल्यास पंधरा टक्क्यांनी. अंतर तेच, परिणाम दुप्पट. मालवणचे खडक बहुतेक याच उथळ पट्ट्यात आहेत, त्यामुळे इथे ज्याला स्थिर राहता आले त्याला खोल पाण्यात फारसे शिकावे लागत नाही.

मोजायचे कसे ते असे. सगळा सरंजाम अंगावर, पाण्यात उभे, पाय स्थिर. जॅकेट पूर्ण रिकामे. साधा श्वास घेऊन क्षणभर थांबायचे. पाण्याची रेघ डोळ्यांसमोर आली पाहिजे. श्वास सोडला की सावकाश बुडायला लागले पाहिजे. कपाळ बाहेर राहिले तर एक किलो वाढवा. श्वास भरलेला असतानाच बुडालात तर कमी करा. यात बहुतेक जण पाय हलवत राहतात, नकळत स्वतःला उचलून धरतात, आणि ‘मी हलका आहे’ असे सांगून शिसे वाढवून घेतात. घोटे एकमेकांत अडकवून मोजले की खरा आकडा कळतो.

टाकी भरलेली असताना मोजले असेल तर त्यात सुमारे दोन किलो मिळवायचे. हवेलाही वजन असते: २०० बारवरून ५० बारपर्यंत आलो की सोळाशे-साडेसोळाशे लिटर हवा वापरली जाते आणि तिचे वजन दोन किलोच्या आसपास भरते. ॲल्युमिनियमची टाकी सुरुवातीला समुद्रात किंचित बुडणारी आणि शेवटी तरंगणारी असते. शेवटच्या पाच मीटरवर थांबायचे असते तेव्हाच हे दोन किलो लागतात, आणि तेव्हा नसले तर काही करता येत नाही. दुसरी भर खाऱ्या पाण्याची. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड. अंग आणि सामान मिळून ८०-८५ किलो होत असेल तर तलावातल्या आकड्यात दोन किलो वाढवावे लागतात. तलावात चार किलो लागणाऱ्याने समुद्रातही चारच लावले तर तो खाली जाणार नाही, आणि घाबरून त्याला कोणीतरी आठ लावेल. हिशेब सहाचा होता.

समुद्राचे वेळापत्रक वारा आणि तिथी ठरवते. पावसाळ्यात सगळे बंद. ऑक्टोबरात सुरू होते, पण खाडीतून आलेला गाळ बसायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरे. विद्यापीठाच्या सत्रपरीक्षा नेमक्या त्यातच येतात, याला इलाज नाही. सकाळी लवकर निघायचे, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि पृष्ठभागावर लाट उभी राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त, गाळ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला पाणी शांत आणि त्यातल्या त्यात स्वच्छ. तारीख ठरवताना क्रीडा विभागाने शनिवार-रविवार बघण्याआधी पंचांग बघावे. निवळ दिवशीही दृश्यता पाच-सात मीटर मिळाली तर खूप झाले. अंदमानचे व्हिडिओ पाहून आलेल्यांचा इथे विरस होतो.

न्याहारीला पेज किंवा दोन इडल्या, बोट सुटण्याआधी तासभर. उपाशीपोटी बोट जास्त लागते. मळमळ होणाऱ्याने डिझेलच्या धुरापासून दूर, नजर किनाऱ्यावर ठेवून बसावे. उलटी आलीच तर पाण्याखाली रेग्युलेटरमधूनच करता येते, तो काढायचा नाही.

लहान होडीच्या काठावर बसून, जॅकेट अर्धे फुगवून, एका हाताने मास्क आणि रेग्युलेटर, दुसऱ्याने पट्ट्याचे बकल धरून पाठीमागे पडायचे. खाली जाणे नांगराच्या दोरीला धरून. जॅकेट रिकामे करताना नळी खांद्यापेक्षा वर धरायची आणि श्वास पूर्ण सोडायचा. पहिले दोन मीटर जातच नाही असे वाटते, कारण घाबरलेला माणूस छाती भरलेलीच ठेवतो. इथे पुन्हा शिसे मागू नये, आधी श्वास सोडून बघावा. दोन मीटरनंतर वेटसूट दबू लागतो आणि वेग आपोआप वाढतो, तेव्हा जॅकेटमध्ये अगदी थोडी हवा, टकटक बटण दाबून. एकदम दाबून धरायचे नाही.

तळ खडक आणि वाळूचा. शिशाने जड झालेला माणूस पाय खाली टाकून, जणू सायकल चालवत पोहतो, फिन्स वाळूत बसतात, गाळ उठतो आणि मागच्या जोडीला काही दिसत नाही. अंग आडवे, गुडघे वाकवून बेडकासारखी लाथ मागे मारली तर पाण्याचा झोत तळाला लागत नाही. उथळ खडकावर लाटेची ओढ पुढे-मागे झुलवते. तिच्याशी भांडू नये: पुढे नेईल तेव्हा पाय मारायचे, मागे ओढेल तेव्हा थांबायचे. आधारासाठी खडक पकडू नये. सी-अर्चिनचे काटे हातमोज्यातूनही जातात, लायनफिशचे काटे विषारी, आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे पाणी १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येते. प्रवाळ, समुद्रकाकडी, बरेचसे शंख हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मेलेला तुकडाही उचलून आणायचा नाही. नीट तरंगता आले तर खडकाच्या कपारीतला गोब्रा आणि समुद्रफुलातला क्लाऊनफिश हातभर अंतरावरून दिसतो. नाही आले तर उठलेला गाळ दिसतो.

जाळ्याचा तुकडा किंवा गळाची दोरी टाकीत अडकली तर वळायचे नाही. वळले की ती गुंडाळत जाते. थांबायचे, एक हात मागे जायचे, आणि जोडीदाराला कापू द्यायचे. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट जागेवर गोल बघायचे, मग वर यायचे. चार मीटर दृश्यतेत ही वेळ कार्यक्रमाला एकदा तरी येतेच, म्हणून तळावर जोडीने हाताच्या अंतरावरच राहावे. नियमाने एका प्रशिक्षकामागे समुद्रात आठ विद्यार्थी चालतात. या पाण्यात चारच्या वर नकोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हवेचा हिशेब आधी मांडायचा. शिकाऊ माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असे धरा. १२ मीटरवर दाब २.२ बार, म्हणून ४४ लिटर. ५० बार राखीव ठेवून हाताशी साडेसोळाशे लिटर, म्हणजे ३७ मिनिटे, खाली-वर जाणे धरून त्याहून कमी. शिशाने जड झालेल्या माणसाची हीच टाकी २५ मिनिटांत संपते, कारण तो सतत पाय मारून स्वतःला उचलून धरतो. १०० बारला जोडीदाराला खूण करून परत फिरायचे, ५० बार शिल्लक ठेवून बोटीवर यायचे.

वर येताना जॅकेटमध्ये हवा भरायची नसते, सोडायची असते. हे पहिल्यांदा उलटेच वाटते. वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत, स्वतःच्या बारीक बुडबुड्यांपेक्षा हळू. ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. शिसे बरोबर असल्याची परीक्षा इथे होते: ५० बार, जॅकेट जवळपास रिकामे, दोरी न धरता स्थिर. शेवटचे पाच मीटर एक हात वर करून, गोल फिरून, इंजिनाचा आवाज ऐकत. मालवण-तारकर्लीत जेट-स्की आणि बनाना बोटी डोक्यावरून जात असतात, त्यामुळे नांगराच्या दोरीपासून दूर वर येणे हा वेडेपणा आहे. बोटीवर चढताना आधी शिशाचा पट्टा वर द्यायचा, बकलच्या बाजूने नव्हे तर मोकळ्या टोकाने धरून. ठोकळे मोकळ्या टोकाकडूनच निसटतात. धरायचे तेच टोक.

आता तो मोकळा दिवस. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, हे सगळ्यांना सांगितले जाते. पण तेच नियम सुमारे ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही लागू धरतात, हे घाटावरच्या मुलांना कोणी सांगत नाही. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. दुपारी शेवटची डाइव्ह आणि संध्याकाळच्या गाडीने घाट चढून कोल्हापूर, असा बेत आखू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब उतरला की बुडबुडे धरतो. सांधे दुखणे, मुंग्या येणे, विलक्षण थकवा ही लक्षणे तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही येतात. तसे झाले तर शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, उपचार, आणि दाबकक्ष प्रत्येक रुग्णालयात नसतो. बोटीवर ऑक्सिजनची टाकी आहे का, आणि जवळचा दाबकक्ष कुठे, हे दोन प्रश्न क्रीडा विभागाने लेखी विचारून ठेवावेत. आम्ही मुक्काम वाढवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. त्या सकाळी सामान धुऊन झाले. धुताना रेग्युलेटरचे बटण दाबू नये, पहिल्या टप्प्यावर टोपी घट्ट असावी, नाहीतर पाणी आत शिरते. जॅकेटच्या आतही गोडे पाणी भरून, हलवून, उलटे करून काढायचे; मीठ सुकले की व्हॉल्व्ह गळू लागतो.

लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, मासे सगळेच लिहितात. त्याआधी लिहावे ते शिसे किती, सूट किती मिलिमीटरचा, टाकी कुठली, पाणी खारे की गोडे, आणि ५ मीटरवर स्थिर राहता आले का. पुढच्या वर्षी दुसऱ्या बोटीवर कोणी अंदाजाने आठ किलोचा पट्टा पुढे केला की हीच ओळ दाखवता येते. कार्ड मिळाले की मुले लगेच आंग्रिया बँकेचे विचारतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटर आत, समुद्राच्या पोटातले ते प्रवाळपठार. त्याचा सर्वांत उथळ माथाच २० मीटरच्या आसपास आहे. १८ मीटरचे कार्ड तिथे चालत नाही, ३० मीटरपर्यंतचा पुढचा अभ्यासक्रम करावा लागतो.